वळण जुळते

बायकांना नावं फार. पुरुषाचं बारशाला जे ठेवलं तेच सरणापर्यंत चालतं. बाईचं माहेरचं एक, सासरचं एक, नवऱ्याने हौसेने बदललेलं एक आणि रेशनकार्ड लिहिणाऱ्याने चुकवलेलं एक. हे मी हवेतलं बोलत नाही हो, माझं पोट त्यावर चालतं. सांगलीच्या नाममेळ कचेरीत मी तपासनीस आहे. माझं नाव तृप्ती. गेली तीन वर्षं रोज आठ तास मी एकच प्रश्न सोडवते: ही बाई आणि ती बाई एकच का?

संगणकाला माणूस कळत नाही, आणि खरं सांगायचं तर नावही कळत नाही. त्याला कळतो क्रमांक. एका माणसाचं एक खातं, खात्याला एक क्रमांक. आपण जे लॉगिन नाव टाकतो ते नुसतं दार. दवाखान्याचं दार वेगळं, बँकेचं वेगळं, शाळेचं वेगळं, पण आत खोली एकच हवी. त्यासाठी एक साधा तक्ता असतो. डावीकडे लॉगिन नाव, उजवीकडे खात्याचा क्रमांक. डावीकडे एकाच माणसाची दहा नावं असली तरी चालतं, उजवीकडे क्रमांक तोच आला म्हणजे झालं. पूर्वी प्रत्येक कचेरीचा तक्ता आपापला होता. त्यामुळे लग्नाआधी दहावी झालेली मुलगी आणि लग्नानंतर बाळंत झालेली बाई या दोघी सरकारच्या लेखी अनोळखी. २०४४ साली ठरलं, आता सगळ्या राज्याचा तक्ता एकच. जुनी कागदपत्रंसुद्धा त्यात ओतायची. मग काय, पाच कोटी बायकांचं भरीत झालं आणि ते निवडायला आम्हाला बसवलं.

आमच्या मदतीला एक यंत्र आहे. ते माणसाला वळणावरून ओळखतं. हे यंत्र बनवणाऱ्यांत कुणीतरी आपल्याकडचं असणार, नाहीतर हा शब्द सुचला नसता. लिहिण्याला वळण असतं तसं टाइप करण्यालाही असतं. एका अक्षरानंतर दुसरं दाबायला तुम्ही किती वेळ घेता, जोडाक्षराआधी बोट अडखळतं का, कुठला शब्द नेहमी चुकवता, वाक्य कशाने सुरू करता, हे सगळं यंत्र सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतं. नाव बदलता येतं, वळण नाही. दोन नावांमागे एकच वळण दिसलं की पडद्यावर ओळ येते, ‘वळण जुळते. एकच व्यक्ती?’ खाली दोन बटणं. ‘तीच’ आणि ‘वेगळी’. ते बटण मात्र माणसानेच दाबायचं.

यंत्र चुकतंही. जुळे भाऊ, वर्षानुवर्षं एकमेकींच्या फोनवर टाइप करणाऱ्या मैत्रिणी, यांना ते एकच माणूस समजतं. तेव्हा ‘वेगळी’ दाबून वळण का जुळलं त्याचं कारण लिहावं लागतं. ज्यांचं नातं आधीच नोंदलेलं असतं त्यांच्या वाटेला यंत्र जात नाही. मायलेकींचं थोडंफार जुळणारच, म्हणून त्यांना ते वगळतं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझ्या शेजारच्या खिडकीत शबनम मुजावर बसते. आमची अकरा वर्षांची मैत्री. मी लिहिलेलं प्रत्येक टिपण ती आधी वाचते, कारण माझा ‘आणि’ कायम ‘आणी’ होतो.

“अगं ए बाई, ऱ्हस्व! ऱ्हस्व!” ती ओरडते. “चव्वेचाळीस वर्षांची घोडी झालीस.”

“हाताला सवय आहे, मी काय करू?”

“तुझ्या मास्तरांना धरून आण, त्यांचेच कान पिळते.”

मास्तर नव्हते, आई होती. बालवाडीच्याही आधी आईने मला पाटीवर गिरवायला लावलं. तिचं शिक्षण सातवीपर्यंतचं. ती ‘आणी’ लिहायची म्हणून मी ‘आणी’ लिहिते.

आईच्या हृदयाची एक झडप खराब झाली. माधवनगरच्या घरात चार पायऱ्या चढल्या की तिला धाप लागायची. डॉ. बिरनाळे म्हणाले, महिन्याच्या आत झडप बदलू, वय अडुसष्ट म्हणजे काही फार नाही, उठून पळायला लागतील. तारीख ठरली. आणि तारखेच्या आठ दिवस आधी त्यांनी मला एकटीला बोलावून घेतलं.

“तृप्तीताई, तुमचा जन्म सिझेरियनने झाला का?”

“पानावर असेल ना?” मी म्हटलं. प्रत्येकाच्या खात्याचं एक पान असतं. त्यावर आजार, औषधं, नातेवाईक सगळं दिसतं.

“पानावर आहे. गेल्याच महिन्यात जुन्या कागदांतून आलंय. मालन प्रल्हाद सावर्डेकर, २००३, सिझेरियन, मुलगी. रक्तगट बी निगेटिव्ह. तुमच्या आईंचा रक्तगट मी स्वतः दोनदा तपासून घेतला. ओ पॉझिटिव्ह आहे. आणि त्यांच्या पोटावर व्रण नाही.”

मी पडद्यावरचे दोन्ही रक्तगट पुन्हा वाचले.

“एका खात्यावर दोन रक्तगट दिसले की आमची यंत्रणा रक्त सोडतच नाही,” ते म्हणाले. “सोडूही नये. तुमच्या कचेरीतून हे निस्तरून आणा. माझ्या मते ही दोन माणसं आहेत.”

कचेरीत येऊन बघितलं. जोडणी शबनमनेच केली होती, कारण घरच्या माणसाच्या कागदाला मी हात लावायचा नाही असा नियम आहे. तिचं काय चुकलं? नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, आडनाव तेच, पत्ताही तोच. कागदाला वळण कुठून असणार? मीसुद्धा डोळे झाकून ‘तीच’ दाबलं असतं.

दुपारी माधवनगरला गेले तर आई ओट्याला टेकून पावटे सोलत बसली होती. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

“आई, माझ्या जन्माच्या वेळी तुझं पोट फाडलं होतं का?”

तिने माझ्याकडे बघितलं नाही. हातातली शेंग सोलून झाली, मग दुसरी घेतली.

“कुणी सांगितलं?”

“रक्ताने सांगितलं. बोल आता.”

“मला न्हाई करायचं ते ऑपरेशन,” ती म्हणाली. “धाप काय, लागतीया आणि ऱ्हातीया. तू चहा घे.”

“आई!”

तेव्हा ती बोलली. शेंगा सोलता सोलताच बोलली, जणू शेजारच्या घरातलं सांगतेय.

“माझं नाव हौसा. ते तुला ठावं हाय, माहेरचं म्हणून. तुझ्या बापाची पयली बायको मालन. तू नऊ महिन्यांची असताना ती काविळीनं गेली. तिच्या माहेरी गेली, त्यामुळं इथं दाखला कुणी काढला न्हाई. वर्षानं मला करून आणली. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवरीचं नाव लिवत्यात बघ, तसं तुझ्या बापानं ‘मालन’ लिवलं. मला बरं वाटलं. म्हटलं, हौसापरीस बरं हाय, शहरातलं वाटतंय. घरात आले तर भिंतीवर फोटो, आणि त्याच्याखाली तेच नाव.”

“तिचंच नाव तुला? का पण?”

“रेशनकार्डावर होतं ना. मतदार यादीत होतं. तुझा बाप म्हणाला, एक नाव कमी करायला एक हेलपाटा, दुसरं घालायला दुसरा. त्यापरीस नाव तेच ठिवू.”

“हेलपाटा वाचवायला? तहसीलचा हेलपाटा वाचवायला बाईचं नाव बदललं?” मला माझ्या मेलेल्या बापाचा असा संताप आला की बस. “आणि तू? तू मला चव्वेचाळीस वर्षांत एकदा सांगितलं नाहीस?”

“सासूबाईंनी फोटो ट्रंकेत घातला. म्हणल्या, पोरीला दोन मालन कशाला दाखवायच्या. मग तू ‘आई’ म्हणायला लागलीस.” तिने पहिल्यांदा मान वर केली. “मग मला सांगवंना. खरं सांगते, सांगवंनाच झालं.”

मी पायरीवर बसून रडले. कुणासाठी रडत होते तेही कळेना. मग एकदम आठवलं. पितृपक्षात अविधवा नवमीला, नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने, आई दरवर्षी एका सवाष्णीला जेवू घालायची, हिरव्या बांगड्या भरायची. बाबा जिवंत असल्यापासून. मी विचारायची, कुणासाठी गं? ती म्हणायची, “आपल्या घरातलीच एक.” मी कधी पुढे विचारलं नाही.

“ते रक्ताचं तेवढं पुसून टाक की,” आई म्हणाली. “तुझ्याच कचेरीत हाय ना? आणि ते पोट फाडल्याचं. चुकून पडलं म्हणावं. मग सगळं पयल्यासारखं.”

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. शबनमला सांगून जुनी नोंद ‘चुकीची’ म्हणून काढायला पाच मिनिटं लागली असती. यंत्राला पत्ता लागला नसता.

“तसं नाही केलं तर काय होतं?” तिने विचारलं.

मला ते सांगायचं नव्हतं. पण माझं कामच ते.

“दोन खाती होतात. एक तिचं, एक तुझं. माझ्या जन्माची नोंद तिच्या पानावर जाते. तुझ्या पानावर...”

“माझ्या पानावर?”

“कुणीच नाही. बाबांशी तुझं लग्न नोंदलेलं नाही. मुलगी तुझी नाही. नातेवाईक शून्य. ऑपरेशनला नोंदलेल्या नातेवाइकाची सही लागते, ती मला करता येणार नाही. नातं लावायला कोर्टात जावं लागतं, त्याला सहा महिने.”

“आणि डॉक्टर म्हणतोय एक महिना.”

“हो.”

आईने पावट्यांचं ताट बाजूला सरकवलं. बराच वेळ ती पदराने हात पुसत राहिली. मी मनात म्हणत होते, पुसू दे मला, हो म्हण, एकदा हो म्हण.

“न्हाई गं,” ती म्हणाली. “पुसू नगंस. तिनं तुला नऊ महिने पोटात वागवलं आणि नऊ महिने मांडीवर. तिचा फोटो ट्रंकेत, नाव माझ्या अंगावर. आता तेवढी एक ओळ ऱ्हायलीया, ती पण पुसू? मला झोप लागायची न्हाई.” मग म्हणाली, “तिचं नाव तिला देऊन टाक. लई वापरलं मी.”

“आणि ऑपरेशन?”

“ते बघू. पानावर माझं कुणी नसंल तर मी त्या खाटंवर जायाची न्हाई. नर्स विचारंल, आजी, सोबत कोण हाय? आणि मशीन म्हणंल, कुणी न्हाई. तसलं मला नगं.”

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन कचेरीत गेले. आयुष्यात पहिल्यांदा खिडकीच्या पलीकडच्या खुर्चीत बसले. तिथून आमची कचेरी फार वेगळी दिसते. आपण अलीकडे बसून किती तुटक बोलतो, ते तिथे बसल्यावर कळलं.

शबनमला सगळं सांगितलं. ऐकताना तिचे डोळे भरून आले, पण ती कामाला चोख.

“मावशी, तुमची लॉगिन नावं सांगा. सगळी.”

“एक मालन प्रल्हाद सावर्डेकर. आणि एक...” आई लाजली. “माझ्या माहेरच्या बायकांचा गट हाय फोनवर. तिथं मी हौसा म्हणूनच हाय.”

हे मला नवीन होतं. “कधीपासून?”

“लई वर्षं झाली. तिथं समद्या हौसाक्का म्हणत्यात. बरं वाटतं.”

शबनमने २००३ची कागदावरची नोंद निवडली. ‘वेगळी’ दाबलं. पडद्यावर पान उभं चिरलं गेल्यासारखं झालं. डावीकडे एक मालन, जन्म १९८१, सिझेरियन, बी निगेटिव्ह, एक मुलगी, तृप्ती. शबनमने मृत्यूच्या रकान्यात ‘दाखल्याविना, २००४’ लिहिलं. मी त्या नावाकडे बघत राहिले. माझ्या जन्मदात्या आईची आणि माझी पहिली भेट ही अशी, खिडकी नंबर बावीसवर. ती तेवीस वर्षांची होऊन गेली होती. माझ्याहून कितीतरी लहान.

उजवीकडे दुसरं पान. हौसा. ओ पॉझिटिव्ह. पती, नोंद नाही. अपत्य, नोंद नाही.

आईला वाचता येत होतं. तिने वाचलं आणि पर्स उचलली.

“चल,” ती मला म्हणाली. “झालं काम.”

“थांबा मावशी,” शबनम म्हणाली. “वेगळं केलं की यंत्र पुन्हा सगळी वळणं तपासतं. मिनिटभर लागेल.”

आम्ही तिघी पडद्याकडे बघत बसलो. पहिली ओळ आली. ‘हौसा, माहेरचा गट. वळण जुळते, ९९ टक्के.’ शबनमने ‘तीच’ दाबलं. दुसरी आली. ‘मालन प्रल्हाद सावर्डेकर, २०२० पासून. वळण जुळते, ९९ टक्के.’ तीच. आता यादी संपायला हवी होती.

तिसरी ओळ आली.

‘तृप्ती प्रल्हाद सावर्डेकर. वळण जुळते, ९६ टक्के. एकच व्यक्ती?’

माझं लग्नाआधीचं लॉगिन. कॉलेजचं.

“हे काय आता?” आई घाबरली. “हिचं नाव कशाला आलं? हिला पण पुसलं का?”

शबनम आधी फस्सकन हसली. मग हसता हसताच थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली.

“अगं, नातं सुटलं ना,” ती हळू आवाजात म्हणाली. “आतापर्यंत मायलेकी म्हणून वगळत होतं. आता यंत्राच्या दृष्टीने तुम्ही दोघी परक्या. म्हणून त्याने पहिल्यांदाच दोघींचं वळण ताडून बघितलं. आणि त्याला वाटलं, एकच बाई आहे.”

तिने तपशील उघडला. यंत्र आपली कारणं देतं. ‘आणी’, दोघींकडे, शेकड्यांनी. प्रत्येक निरोपाची सुरुवात ‘बरं ऐक’. जोडाक्षराआधी सारखाच थांबा. फक्त उजवा अंगठा. पूर्णविरामाआधी मोकळी जागा. उजव्या अंगठ्याचं आणि मोकळ्या जागेचं श्रेय माझं. २०२०च्या टाळेबंदीत घरात एकच फोन होता, मी सतरा वर्षांची, तेव्हा त्याच फोनवर आईचा अंगठा धरून मी तिला टाइप करायला शिकवलं होतं. “हं, आता वेलांटी. थांब, घाई नको.” तिने मला पाटीवर शिकवताना म्हटलेलं वाक्य मी तिला परत केलं होतं.

“मग दाब की ‘तीच’,” मी म्हटलं.

“गप गं. तुला पण झडप बसवतील,” शबनम म्हणाली आणि तिने ‘वेगळी’ दाबलं.

चौकट उघडली. ‘वळण का जुळले? कारण लिहा.’ तिने लिहिलं, ‘आईने लेकीला लिहायला शिकवले आणि लेकीने आईला टाइप करायला.’ यंत्र क्षणभर थांबलं. मग त्याने खालची ओळ आणली. नव्वदच्या वर वळण जुळत असेल आणि कारण नात्याचं असेल तर ती ओळ येतेच. जुळ्या भावांसाठी केलेली सोय आहे ती. रोज बघते मी ती, पण या बाजूने कधी सुचली नव्हती.

‘नाते नोंदवू? कोण?’

“मावशी,” शबनमने पडदा आईकडे फिरवला, “हे तुम्ही सांगायचं.”

आई पडद्याकडे बघत राहिली. मग उजवा अंगठा पुढे करून तिने एकेक अक्षर दाबलं. जोडाक्षर नव्हतं त्यात, तरी थांबून थांबून दाबलं. मुलगी.

दवाखान्यात नर्सने दारातून पुकारलं, “हौसा सावर्डेकर!” आई शांतपणे बाकावर बसून राहिली. कुणा तिसरीलाच बोलावल्यासारखी इकडेतिकडे बघत होती.

“अगं आई, तूच!” मी तिला हलवलं.

“अय्या, व्हय की!” म्हणून ती उठली. आत जाताना मागे वळून म्हणाली, “सही नीट कर.”

संमतीच्या अर्जात मी लिहिलं, ‘मी रुग्णाची मुलगी असून मला धोके समजले आहेत आणी माझी संमती आहे.’ पाठवल्यावर लक्षात आलं. तसंच राहू दिलं.

ऑपरेशन चार तास चाललं. संध्याकाळी तिला शुद्ध येऊ लागली तेव्हा मला आत सोडलं. पेशंट पूर्ण भानावर आला का ते बघायला नर्स नाव विचारते.

“आजी, नाव काय तुमचं?”

आईने डोळे किलकिले केले. “कुठलं सांगू?”

नर्स गडबडली. माझ्याकडे बघून म्हणाली, “जरा गोंधळल्यात वाटतं.”

“अजिबात नाही,” मी म्हटलं. मला हसू आणि रडू एकदमच येत होतं.

“आजी, तुम्हाला काय लावायचं ते लावा,” नर्सने टॅबची फळी पुढे केली, “पण इथे घाला काहीतरी. रोजच्या तपासणीचं लॉगिन करायचंय.”

आईने नळ्या लावलेला उजवा हात उचलला. अंगठ्याने टाइप केलं. काय केलं ते मला तिथून दिसलं नाही.

सोमवारी कामावर गेले तर माझ्या यादीत पहिलीच विनंती, खाते, हौसा. नवे लॉगिन नाव, ‘तृप्तीची आई’. वळण जुळते, ९९ टक्के. एकच व्यक्ती?

घरच्या माणसाच्या कागदाला मी हात लावायचा नाही. मी ती विनंती शेजारच्या खिडकीत सरकवली. शबनमने वाचली आणि ‘तीच’ दाबलं.